कमी चाललेल्या डिझेल गाडीचा मोह

यवतमाळात जुनी मोठी गाडी पाहायला निघालात की ‘डॉक्टरची गाडी’ हे दोन शब्द कानावर पडल्याशिवाय राहत नाहीत. दत्त चौकातला चहा असो, आर्णी रोडवरचा ओळखीचा दलाल असो की नागपूरचं काचेचं शोरूम, बोलणं सगळीकडे एकच. ‘‘घ्या जी, डॉक्टरसाहेबांची आहे. घरून दवाखाना अन् दवाखान्यातून घर. चार वर्षांत एकवीस हजार चालली. नवीच समजा.’’ ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते. त्याच रांगेत तेच मॉडेल, तेच साल, पण सव्वा लाख किलोमीटर चाललेली गाडी उभी असली तर तिच्याकडे कोणी वळूनही बघत नाही. ‘‘ती ठेकेदाराची आहे, रगडलेली,’’ एवढ्यावर तिचा निकाल लागतो.

हा समज मला पुराव्यानिशी खोडून काढायचा आहे. माझा रोख फक्त एका वर्गाच्या गाड्यांवर आहे: बीएमडब्ल्यू 520डी, मर्सिडीझ ई-क्लास, ऑडी ए6, स्कोडा सुपर्ब यांसारख्या दमदार डिझेल सेडान. पेट्रोल गाडीला आणि साध्या हॅचबॅकला माझं म्हणणं जसंच्या तसं लागू करू नये.

आधी पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडतो. तो म्हणतो, यंत्र वापराने झिजतं. जितका वापर कमी, तितकी झीज कमी. मीटर हे वापराचं माप आहे, म्हणून कमी मीटरची गाडी चांगली. हे तर्कशास्त्र वाडवडिलांच्या अनुभवातून आलेलं आहे. अँबॅसेडर आणि फियाटच्या काळात इंजिन ठराविक किलोमीटर झाले की धूर सोडू लागायचं, ऑइल प्यायचं आणि मग ते बांधून घ्यावं लागायचं. त्या काळी मीटर पाहून इंजिन बांधायला किती अवकाश आहे ते कळत असे. त्या पिढीने जे सांगितलं ते त्यांच्या गाड्यांपुरतं बरोबर होतं.

पूर्वपक्षाचा दुसरा आधार म्हणजे डिझेल इंजिनाची ख्याती. ‘डिझेल मरत नाही’ असं म्हणतात आणि त्यासाठी जुन्या मर्सिडीझचा दाखला देतात. तो दाखला खरा आहे. ग्रीसमधल्या थेसालोनिकी शहरातले टॅक्सीचालक ग्रेगोरिओस साचिनिदिस यांनी 1976 ची आपली मर्सिडीझ 240डी तब्बल 46 लाख किलोमीटर चालवली आणि 2004 मध्ये ती कंपनीच्या संग्रहालयाला दिली. वाटेत तिचं इंजिन अनेकदा बदललं गेलं होतं, हेही सांगितलं पाहिजे. पण डिझेलच्या दीर्घायुष्याचा हा सर्वांत मोठा साक्षीदार कोणाची गाडी होती? टॅक्सीवाल्याची. दिवसभर तापलेली, क्वचितच थंड होणारी. आपल्या एसटीची इंजिनं लाखो किलोमीटर ओढतात तीही याच कारणाने: सकाळी पुसदहून सुटलेली बस यवतमाळला पोचते तेव्हा तिचं इंजिन आणि ऑइल पूर्ण तापलेलं असतं. म्हणजे पूर्वपक्षाने बोलावलेला साक्षीदारच त्याच्या विरोधात साक्ष देतो.

आता माझी स्वतःची गोष्ट, कारण ही चूक मी पैसे मोजून केली आहे. मी वकिली करतो. महिन्यातून चार-पाचदा नागपूर खंडपीठाला जावं लागतं. 2024 मध्ये मी अशीच एक गाडी घेतली: 2020 ची, दोन लिटरची डिझेल सेडान, बीएस-सहा, मीटरवर एकवीस हजार. मालक डॉक्टर, घर दारव्हा रोडला, दवाखाना तिथून तीन किलोमीटरवर. आतून गाडी इतकी स्वच्छ, की मागच्या सीटवरचं प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं. पहिल्याच नागपूर फेरीत कळंबच्या आसपास डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. देवळी येईपर्यंत गाडी दाब घेईनाशी झाली. पाय पूर्ण दाबला तरी साठच्या पुढे काटा जाईना. उचलून न्यावी लागली.

वर्कशॉपमध्ये मेकॅनिकने बॉनेट उघडून ऑइलची पट्टी काढली, पुसली, परत घातली, पुन्हा काढून माझ्या हातात दिली. ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर होतं. बोटांत चोळलं तर पाण्यासारखं पातळ, आणि वास डिझेलचा. ‘‘साहेब, ऑइल कमी झालेलं सगळे बघतात,’’ तो म्हणाला, ‘‘वाढलेलं कोणी बघत नाही.’’ त्या बिलाचा आकडा लाखाच्या वर गेला. डॉक्टरांनी मला एक शब्दही खोटा सांगितला नव्हता. गाडी खरोखरच घर आणि दवाखाना एवढीच चालली होती, आणि तेच तिचं दुखणं होतं.

हे का घडतं ते समजून घेतल्याशिवाय खंडन पुरं होत नाही. आजच्या डिझेल गाडीच्या धुराड्यात एक गाळणी असते, तिला डीपीएफ म्हणतात. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-सहा मानक देशभर लागू झालं आणि डिझेल मोटारींत ही गाळणी घरोघरी पोचली. काही महागड्या गाड्यांत ती त्याआधीच आली होती. इंजिनातून निघणारी काजळी तिच्या बारीक भोकांत अडकते. गाळणी भरत आली की गाडीचा संगणक ती काजळी जाळून टाकतो. त्यासाठी गाळणीत सुमारे 600 अंश सेल्सिअस उष्णता लागते. गावातल्या गावात चालणाऱ्या गाडीच्या धुराची उष्णता दोनशे-अडीचशेच्या आसपास घुटमळते. मग संगणक काय करतो, तर जळण्याचा मुख्य क्षण होऊन गेल्यावर सिलिंडरमध्ये थोडं डिझेल जादा सोडतो, म्हणजे ते धुराबरोबर पुढे जाऊन तिथे पेटेल. या सगळ्या कामाला सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगाने गाडी चालावी लागते.

डॉक्टरांची गाडी दहा मिनिटांत दवाखान्यात पोचते. चावी फिरते, जाळणं अर्धवट राहतं. संध्याकाळी पुन्हा सुरुवात, पुन्हा अर्धवट. दर वेळी सोडलेलं जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये झिरपतं. ऑइल पातळ होतं, बेअरिंग आणि टर्बो यांना त्याचा आधार उरत नाही. काजळी एका मर्यादेपलीकडे साचली की संगणक जाळायलाच नकार देतो, कारण तेवढी काजळी एकदम पेटली तर गाळणीच वितळेल. माझ्या गाडीची कळंबला हीच स्थिती झाली होती. लांबचा रस्ता मिळाला खरा, पण फार उशिरा.

इथे एक आक्षेप नेहमी येतो: ‘‘हे थंड देशातलं दुखणं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, इथे इंजिन थंड कुठे असतं?’’ आक्षेप ऐकायला बरा आहे, पण टिकत नाही. इंजिनाच्या पाण्याला सुमारे 90 अंश गाठायचे असतात आणि ऑइल त्याच्याही मागून तापतं. 45 अंशांवरून सुरू झालेलं इंजिनही तीन किलोमीटरमध्ये तिथे पोचत नाही. त्यातून डिझेल इंजिन काटकसरी, म्हणजे ते पेट्रोलपेक्षा उष्णता कमी वाया घालवतं, म्हणूनच ते तापायला जास्त वेळ घेतं. आणि गाळणीला 600 अंश हवे आहेत. तिथे यवतमाळचा उन्हाळा काही कामाचा नाही.

आता मीटरचा हिशेब उलगडून बघू. डॉक्टरांची गाडी 21,000 किलोमीटर चालली, दर फेरी तीन किलोमीटरची. म्हणजे सुमारे 7,000 वेळा ती सुरू झाली, बहुतेक वेळा तासन्‌तास उभी राहून गार झाल्यावर. शेजारची ठेकेदाराची गाडी 1,26,000 किलोमीटर चालली, पण तिची सरासरी फेरी साठ किलोमीटरची धरली तर ती 2,100 वेळाच सुरू झाली. इंजिन सर्वांत जास्त झिजतं ते सुरू होताना, ऑइल जागेवर पोचण्याआधी आणि पूर्ण तापण्याआधी. वेळेचं माप लावा. गावात ताशी 18 च्या सरासरीने 21,000 किलोमीटर म्हणजे जवळपास 1,170 तास. हायवेवर ताशी 60 ने 1,26,000 म्हणजे 2,100 तास. मीटर सहापट, तास दुपटीहूनही कमी, आणि गार स्थितीतून सुरू होणं एक तृतीयांशाहून कमी. माझ्या मते, ज्या मापावर हा सारा बाजार चालतो ते माप या गाड्यांपुरतं चुकीचं आहे.

यवतमाळ जिल्ह्याचा भूगोलही माझ्याच बाजूने बोलतो. नागपूर-हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग 44 पांढरकवड्यावरून जातो. नागपूर-तुळजापूर हा 361 कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड असा अख्खा जिल्हा कापतो. धामणगाव गाठलं की समृद्धी महामार्ग हाताशी येतो. तो नागपूर ते शिर्डी 11 डिसेंबर 2022 ला खुला झाला आणि 5 जून 2025 ला 701 किलोमीटरचा पूर्ण झाला. वणीच्या कोळसापट्ट्यातला ठेकेदार, पांढरकवड्याचा जिनिंगवाला, उमरखेडहून नांदेड-हैदराबादला जाणारा व्यापारी यांच्या गाड्या या रस्त्यांवर तासन्‌तास एका लयीत धावतात. जर्मन अभियंत्याने ऑटोबानसाठी जे इंजिन घडवलं, त्याला जमेल असं आयुष्य आपल्या जिल्ह्यात कोणाला मिळत असेल तर ते या गाड्यांना. आणि नेमक्या त्याच गाड्यांना आपण ‘रगडलेल्या’ म्हणतो.

विरुद्ध बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो. जास्त चाललेल्या गाडीचे शॉकअब्सॉर्बर, बुश, व्हील बेअरिंग, सीटची गादी झिजते. गिअरबॉक्सचं ऑइल बदललेलं नसेल तर तीही धोक्यात असते. बीएमडब्ल्यूत येणारी झेडएफची आठ गिअरची पेटी घ्या. गाडीवाले म्हणतात तिचं ऑइल आयुष्यभराचं, पण पेटी बनवणारी झेडएफ स्वतः 80,000 ते 1,20,000 किलोमीटरला किंवा आठ वर्षांत बदला म्हणते. सुपर्बच्या सहा गिअरच्या ओल्या क्लचच्या डीएसजी गिअरबॉक्सला दर 60,000 किलोमीटरला नवं ऑइल लागतं. म्हणून सव्वा लाख चाललेली गाडी डोळे मिटून घ्या, असं मी म्हणत नाही. तिची बिलं मागा. ज्या ठेकेदाराकडे सगळ्या सर्व्हिसची बिलं आहेत त्याची गाडी घ्या, ज्याच्याकडे नाहीत त्याला नमस्कार करा. पण या सगळ्या झिजा बाहेरून दिसणाऱ्या, भाव करताना धरता येणाऱ्या आणि बदलता येणाऱ्या वस्तूंच्या आहेत. पातळ ऑइलने खाल्लेली बेअरिंग विक्रेत्याच्या दारात दिसत नाही.

शिवाय काही दुखणी मीटरवर अवलंबूनच नसतात, ती गाडीच्या जन्मसालावर ठरतात. बीएमडब्ल्यूचं 2007 ते 2011 च्या दरम्यानचं एन47 इंजिन त्याच्या टायमिंग चेनसाठी बदनाम आहे. चेन इंजिनाच्या मागच्या, गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेली असल्याने ती बदलायची तर इंजिन किंवा गिअरबॉक्स खाली उतरवावी लागते. कमी चाललेल्या गाड्यांतही ती तुटल्याची उदाहरणं आहेत. मर्सिडीझच्या ओएम651 इंजिनाच्या सुरुवातीच्या वर्षांत डेल्फीचे पिझो इंजेक्टर दगा देत होते, ते पुढे कंपनीने बदलले. फोक्सवॅगनच्या ईए189 इंजिनाचं प्रकरण तर जगाला माहीत आहे. सप्टेंबर 2015 मध्ये अमेरिकेत प्रदूषण चाचणीतली फसवेगिरी उघड झाली, आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने तपासणी केली आणि त्याच वर्षअखेरीस कंपनीने भारतात फोक्सवॅगन, स्कोडा, ऑडी मिळून 3,23,700 गाड्या परत बोलावल्या. अशा गाडीत ती दुरुस्ती झाली आहे की नाही, हे मीटरपेक्षा महत्त्वाचं.

वयाचंही तसंच. रबर आणि प्लॅस्टिकला चालण्यापेक्षा वय आणि ऊन मारतं. 2010 च्या ऑक्टोबरात तेव्हाच्या औरंगाबादमध्ये एकाच दिवशी 150 मर्सिडीझ गाड्यांची खरेदी झाली आणि तालुक्या-जिल्ह्यांतला माणूस या वर्गाच्या गाडीकडे आपली म्हणून पाहू लागला. त्या वर्षी नोंदवलेल्या गाड्यांच्या आरसीची पंधरा वर्षांची मुदत आता सरली. त्यातली एखादी ‘फक्त चाळीस हजार’ म्हणून समोर आली, तरी तिचे पाण्याचे पाइप पंधरा उन्हाळ्यांतले आहेत.

कमी मीटरच्या मोहाचा आणखी एक परिणाम मला सर्वांत जास्त खटकतो. बाजार कमी आकड्याला जास्त पैसे देतो, म्हणूनच मीटर मागे फिरवलं जातं. जर्मनीत 2005 पासून मीटर फिरवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. आपल्याकडे ग्राहकच आकड्यावर भाळतो, तोवर दलालाला दोष देऊन काय होणार? ज्या दिवशी यवतमाळातले पाच ग्राहक ‘किती चालली’ याआधी ‘कुठे चालली’ असं विचारतील, त्या दिवशी मीटर फिरवण्यातला नफा निम्मा होईल.

दिल्लीहून येणाऱ्या स्वस्त जुन्या गाडीबद्दलही थोडक्यात. राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना राजधानी परिसरात बंदी घातली, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. ऑगस्ट 2025 मध्ये न्यायालयाने सक्तीची कारवाई थांबवायला सांगितलं, पण तोवर वर्षानुवर्षं त्या गाड्या इतर राज्यांत उतरत राहिल्या. भाव ऐकून जीव भुलतो. पण त्यातल्या बऱ्याच गाड्या गर्दीत रखडत चाललेल्या, म्हणजे वर सांगितलेल्याच दुखण्याच्या. वर एनओसी, बारा महिन्यांच्या आत नवा एमएच-29 नंबर आणि त्यासाठी महाराष्ट्राचा कर. नव्या डिझेल गाडीला 20 लाखांवर किमतीच्या 15 टक्के कर लागतो. जुन्या गाडीला तो वयाप्रमाणे कमी होतो, तरी वाचवलेल्या पैशातला मोठा घास तोच घेतो.

गावात मिळणाऱ्या एका ‘उपाया’बद्दल सावध करतो. गाळणी त्रास देते म्हणून ती कापून काढायची आणि संगणकाला तसं पढवायचं, असं सांगणारे मेकॅनिक आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली गाडीच्या रचनेत असा बदल बेकायदा आहे. आणि ती काजळी शेवटी आपल्याच मुलांच्या फुप्फुसांत जाते. असा ‘उपाय’ झालेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

मग गाडी पाहायची कशी? स्कॅनर लावणारा माणूस बरोबर न्या. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत तो गाळणीतल्या राखेचं प्रमाण आणि शेवटचं जाळणं किती किलोमीटरमागे झालं हे वाचून दाखवतो. बीएमडब्ल्यूतही अशी माहिती निघते. दर दीडशे-दोनशे किलोमीटरला जाळण्याचा प्रयत्न होत असेल, तर गाडीने गाव सोडलेलं नाही असं समजा. राख काजळीसारखी जळत नाही. ती इंजिन ऑइलमधून येते, म्हणून बिलांवर ऑइलचं नाव बघा. या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं: फोक्सवॅगनचं 507 00, बीएमडब्ल्यूचं एलएल-04, मर्सिडीझचं 229.51. ट्रॅक्टरच्या डब्यातलं ऑइल घातलेलं असेल तर गाळणीचं आयुष्य घटलं. ट्रिप कॉम्प्युटरमधली दीर्घकाळची सरासरी गती बघा. पंधरा-वीस असेल तर ती गाडी दवाखान्याची, पन्नासच्या वर असेल तर हायवेची. टायरवरचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा.

आणि हेही सांगतो, जरी त्याने गाडी विकणाऱ्यांची नाराजी ओढवली तरी: ज्याचा रोजचा प्रवास घर ते दुकान एवढाच आहे त्याने ही गाडी घेऊच नये, कितीही चांगली मिळाली तरी. त्याने पेट्रोल घ्यावी. डॉक्टरांनीही.

माझी पहिली गाडी दुरुस्त करून, तिचं दुखणं घेणाऱ्याला पूर्ण सांगून, तोट्यात विकली. दुसरी वणीकडच्या एका ठेकेदाराची घेतली, मीटरवर 1,26,000. लोकांनी वेड्यात काढलं. त्यानंतर महिन्याला चार-पाच नागपूर फेऱ्या करत आज ती 1,58,000 वर आहे. मूळ गाळणीच आहे. गेल्या महिन्यात पट्टी काढून बघितली, ऑइल दोन खुणांच्या मधोमध होतं.

तुम्ही अशी गाडी बघायला जाणार असाल तर मालकाला आदल्या रात्रीच फोन करा आणि सकाळी मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, असं सांगा. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. बॉनेट गरम लागलं तर इंजिनातला आवाज तुमच्यापासून लपवला आहे असं समजून परत या.